एकच वापरणारा

कोणाच्याही घरी गेले की गावंडेकाका पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारतात, "तुमचा कॉम्प्युटर कुठी हाय?"

नवख्या माणसाला वाटतं, यांना तातडीची मेल बघायची असेल. तो बिचारा आतल्या खोलीकडं बोट दाखवतो. काका चपला काढून थेट तिकडं जातात, खुर्ची ओढतात, खिशातून स्कूटरची किल्ली काढतात आणि त्या किल्लीला काळ्या दोऱ्यानं बांधलेला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावतात. पाच मिनिटांनी बाहेर येऊन सोफ्यावर बसतात आणि म्हणतात, "आता पाणी द्या." तेवढ्या वेळात त्या घरातला पीडीएफ उघडणारा अवजड प्रोग्राम हद्दपार झालेला असतो आणि त्याच्या जागी काकांचा गडी कामाला लागलेला असतो.

गडी हा काकांचा शब्द. प्रोग्रामला एक इंग्रजी नाव आहे, पण तीन वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, कोणीही फुकट घ्यावा, कोणीही आत डोकावून दुरुस्त करावा, असा हा लहानसा प्रोग्राम. कॉम्प्युटरात जागा घेतो ती लग्नातल्या एखाद्या मोठ्या फोटोएवढी. कागद उघडून दाखवणं एवढंच त्याला येतं. "कामाचा गडी कसा असावा?" काका विचारतात आणि उत्तरही तेच देतात. "हाक मारली का आला पाहिजे, काम झालं का गेला पाहिजे." बाजारात चालणारे जे बडे प्रोग्राम आहेत, त्या सगळ्यांना मिळून काकांनी एकच नाव ठेवलंय, नवरदेव. "यायले उशीर. आला का मानपान. आधी तुमचं नाव सांगा, मग आमच्या घरचं नवीन काय काय ते पाहा. अन् वाचाचं राहिलं बाजूले."

यावर कोणी म्हणालं की त्यात सोयी जास्त असतात, तर काका एकच प्रश्न विचारतात. "तुले वाचाचं हाय का सजवाचं हाय?"

मधुकर गावंडे मूळचे अकोल्याकडचे. चंडीगडच्या सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी गेली. शास्त्रज्ञांना निबंध शोधून द्यायचे, स्कॅन करून द्यायचे, उघडत नसतील तर उघडून द्यायचे. "एवढे मोठमोठे डॉक्टर झालेले लोक, अन् फाईल उघडेपर्यंत तोंड पाहत बसत. देशाचं संशोधन तिथंच अडलं हाय, मी सांगतो तुले." निवृत्त झाल्यावरही ते गावाकडं परतले नाहीत. लग्न करायचं राहून गेलं. त्याचं कारण विचारलं तर म्हणतात, "नवरदेव व्हायचं जमलं नाही मले."

आम्ही दोघं एकाच कोठीत, म्हणजे इथल्या बंगल्यात, भाडेकरू. तळमजल्यावर काका, मधल्या मजल्यावर मालकीणबाई गिल आंटी, आणि गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, जिला इथं बरसाती म्हणतात, मी. मी साताऱ्याची. मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. पहिल्या दिवशी मी जिन्यातून गादी वर ओढत होते तेव्हा खालून आवाज आला, "कोणतं गाव?" मी म्हटलं, सातारा. त्या दिवसापासून माझं नाव सातारा. "ओ सातारा, जेवली का?" अशी हाक गच्चीपर्यंत ऐकू येते, आणि शेजारच्या कोठीतले सरदारजी मला अदबीनं 'सताराजी' म्हणतात.

गिल आंटींचा कॉम्प्युटर काकांनी कसा जिंकला ती गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आंटींचा मुलगा कॅनडात. तो घराचे कागद पाठवायचा आणि आंटी ते उघडायला काकांना बोलवायच्या. एकदा काकांनी आधी गॅसवर चहा ठेवला आणि मग त्या फाईलवर क्लिक केलं. चहा उकळला, गाळला, कपात आला. पडद्यावर अजून गोल चक्र फिरत होतं. "आंटीजी, चाय पी लो, फिर ये उठेगा," काका म्हणाले. दुसऱ्या वेळी गडी बसवून क्लिक केलं तर काडेपेटी पेटायच्या आत पान समोर. आंटी खूश झाल्या, पण त्यांना एक शंका होती. "गवांडेजी, इतना फटाफट खोलता है, कुछ छोड़ तो नहीं देता बीच में?" काकांनी त्यांना सगळी पानं मोजून दाखवली.

सेक्टर ४३ च्या बसअड्ड्याजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. काका तिथं एकदा कसलीशी प्रत काढायला थांबले होते. दुकानदाराचा कॉम्प्युटर कण्हतोय हे पाहून त्यांना राहवलं नाही. त्यात त्यांची बस सुटली, पण दुकानदार म्हणाला, "अंकलजी, एह तां उड्डण लग्ग पया," म्हणजे हा तर उडायलाच लागला. हे वाक्य काका अजून सांगतात. बस चुकल्याचं सांगत नाहीत, ते मला दुकानदाराकडून कळलं.

पण खरी धमाल झाली ती मराठी मंडळाच्या गणपतीत. इथं वाढलेल्या पोरांना मराठी कळतं, पण बोलतात हिंदी, आणि आरतीची पहिली ओळ संपली की नुसते ओठ हलवतात. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलं, आरत्यांचं पुस्तक पडद्यावर दाखवायचं. ताम्हन तयार, कापूर पेटलेला, सगळे टाळ्या वाजवण्यासाठी हात पुढं करून उभे, आणि गणपतीशेजारच्या पडद्यावर नवरदेव उगवले. आधी स्वागत. मग नवीन सुविधांची ओळख. मग पासवर्डची मागणी. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम आला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आईला विचारलं, "मम्मा, बाप्पा का पासवर्ड क्या है?" तेवढ्यात मागच्या रांगेतून काका स्कूटरची किल्ली हातात धरून पुढं आले. लोकांना वाटलं निघाले. ते लॅपटॉपपाशी गेले, खाली वाकले, आणि कापूर विझायच्या आत पहिली आरती पडद्यावर आली. प्रसादाच्या वेळी सगळे मोदकाभोवती आणि काका दाराशी उभे राहून प्रत्येकाला विचारतायत, "तुमच्याकडं अजून नवरदेवच हाय का?"

असा हा माणूस. दिवसभर गावाला गडी पुरवणारा, आणि घरात मात्र अगदी शांत. घरात त्यांच्यासोबत त्यांची थोरली बहीण असते. काका तिला 'बाई' म्हणतात, म्हणून आम्हीही. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले तेव्हा काका तिला गावाकडून इथं घेऊन आले. तिला हिंदी येत नाही. डोळ्यांना मधोमध धुरकट दिसतं, चष्म्याचा उपयोग नाही. त्यामुळं ती कोठीच्या बाहेर पडत नाही. हिवाळ्यात मागच्या अंगणात उन्हाला बसलेली दिसायची. मी "बाई, बरं आहे ना?" म्हणायची, ती "हो माय" म्हणायची, आणि आमचं बोलणं संपायचं. दुपारी कधी घरी असले तर खालच्या आतल्या खोलीतून हळू, अडखळत काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज वर यायचा. मला वाटायचं, जप करत असेल.

एका रविवारी काकांनी मला खाली बोलावलं. चेहऱ्यावर मुलाचं बारसं असल्यासारखा आनंद. "सातारा, गड्याले मराठी शिकवली म्या."

या प्रोग्रामचं भाषांतर कोणीही करू शकतं. एक वेबसाइट आहे, तिथं इंग्रजी वाक्यं ओळीनं लावलेली असतात, समोर आपल्या भाषेतलं वाक्य लिहायचं. सगळ्यावर देखरेख करणारा एक गृहस्थ युरोपात कुठंतरी राहतो. काका त्याला पाटील म्हणतात. मराठीची जागा रिकामी पडली होती, ती काकांनी एकट्यानं भरली.

मी वाचायला लागले आणि मला हसू आवरेना. पुढचं पान याला लिहिलं होतं 'पान उलट'. आकार वाढवायला 'मोठं कर'. मागच्या वेळी जिथं वाचन थांबलं तिथं जाण्यासाठी 'होतो तिथं ने'. शोधलेला शब्द मिळाला नाही तर 'सापडत नाही बा, दुसरं विचार'. फाईलला पासवर्ड असेल तर 'कुलूप आहे. ज्याचं आहे त्याला विचार'. आणि फाईल खराब असेल तर 'फाईल बिघडली आहे. तुझी चूक नाही'.

"काका, हे शेवटचं इंग्रजीत कुठं आहे?" मी विचारलं. "तिथं फक्त फाईल बिघडल्याचं लिहिलंय."

"इंग्रजीत नसन," ते म्हणाले. "मराठीत हाय."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील, आबा, आयुष्यभर सरकारी परिपत्रकांचं मराठी करत होते. आमच्या घरी भाजीच्या यादीवरसुद्धा 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिलेला असायचा. त्यामुळं कॉम्प्युटर मला अरे-तुरे करतोय हे बघून माझ्या अंगावर काटा आला. मी काकांना म्हटलं, हे असं चालत नाही, याला प्रमाण शब्द असतात, निदान 'कृपया' तरी हवं.

"घरात कृपया कोण म्हणते?" काका म्हणाले, आणि लॅपटॉप मिटवला.

त्यांचा स्वतःचा गडी इंग्रजीतच होता, हे मला तेव्हा दिसलं होतं. विचारलं तर म्हणाले, "मले कायले मराठी? मले येते इंग्रजी." मग हे सगळं कोणासाठी, हे मी विचारायला हवं होतं. ते सोडून मी चुका काढत बसले. सवय.

आणि सवयीनंच पुढचं पाप केलं. एका शनिवारी मी त्या वेबसाइटवर 'सुगम' या टोपणनावानं खातं उघडलं, साताऱ्याला आबांना फोन लावला, आणि दोघांनी मिळून काकांची सगळी वाक्यं सुधारली. 'पान उलट' चं 'पुढील पृष्ठ'. 'मोठं कर' चं 'आवर्धन'. 'फाईल बिघडली आहे' चं 'संचिका सदोष आहे. क्रिया पूर्ण होऊ शकली नाही'. आबा इतके खूश झाले की त्यांनी गुडघेदुखीचा विषयसुद्धा काढला नाही. मला मनापासून वाटत होतं की मी काकांच्या लाडक्या प्रोग्रामला चांगले कपडे घालतेय.

पाटलाला मराठी कळत नव्हतं. त्यानं चर्चेच्या पानावर विचारलं, एकाच भाषेची दोन भाषांतरं आली आहेत, कोणतं ठेवू? आणि जाता जाता हेही विचारलं, ही भाषा मुळात कोणी वापरतं का?

काकांनी उत्तर लिहिलं होतं. इंग्रजीत, दोनच वाक्यांत. एक वापरणारा आहे. कृपया बदलू नका.

त्या 'कृपया'कडं माझं लक्ष गेलं नाही. काकांचा स्वतःचा गडी इंग्रजीत आहे हे विसरून, तो एक म्हणजे काकाच, असं मी समजले, पाटीलही समजला असावा. एका माणसाच्या लहरीपेक्षा नीटनेटकी भाषा बरी, असा विचार करून त्यानं 'सुगम' यांचं भाषांतर स्वीकारलं. नव्या आवृत्तीत ते आलं.

काका पंधरा दिवस धुमसत होते. "कोण्या शहाण्यानं केलं हे? याच्या घरी माणसं बोलत नसतीन, अर्ज देत असतीन एकमेकाले." मी मान खाली घालून त्यांनी सोललेला किन्नू, इथलं संत्रं, खात होते. सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे. आपल्याकडं जुना गडी हाय. नवीन घेतच नाही." मला हायसं वाटलं, की चला, कोणाचं काही बिघडलं नाही.

मग डिसेंबरात काकांना पिंजौरला जावं लागलं. संस्थेतल्या एका जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं, शनिवार-रविवार मुक्काम. निघताना माझ्याकडं घराची किल्ली दिली. "बाईचं जेवण गिलबाई देते. तू फक्त सकाळी दहाला तिले कॉम्प्युटर सुरू करून दे. पुढचं तिचं ती पाहते. दुसरं काही दाबू नको."

बाई कॉम्प्युटरवर काय करते, असं मनात आलं. वाटलं, भजनं ऐकत असेल.

शनिवारी दहाला मी खाली गेले. कानाला फोन, पलीकडं ऑफिसातलं कोणीतरी. बाई खुर्चीत येऊन बसली होती. मी बटण दाबलं, पडदा उजळला, आणि मधोमध चौकट आली की नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, घ्यायची का? चाचणी विभागातल्या माणसाला अशी चौकट दिसली की त्याचं बोट मेंदूला विचारत नाही. कशाची आवृत्ती ते न वाचता मी 'हो' दाबलं, फोनवर बोलत बोलत बाहेर पडले, आणि दिवसभराच्या कामाला लागले.

चार वाजता चहा घेऊन खाली आले. बाई त्याच खुर्चीत बसलेली. पाठ ताठ, हात मांडीवर, वर्गात बसतात तशी. समोर पडद्यावर एक चौकट होती आणि तिच्यात हातभर मोठ्या अक्षरांत माझंच वाक्य. संचिका सदोष आहे. क्रिया पूर्ण होऊ शकली नाही.

"माय, म्या काही केलं नाही," बाई घाईघाईनं म्हणाली.

"कधीपासून असं आहे हे?"

"सकाळपासून. रोज वरतं मधू बोलते. पान उलट म्हणते, मोठं कर म्हणते. आज कोणी दुसरंच येऊन बसलं. सायबासारखं बोलून रायलं. काय म्हणते ते समजत नाही. मग म्या काही तरी दाबलं अन् हे आलं. मोडलं वाटते माह्या हातून."

सहा तास ती तिथं बसून होती. उठली तर आणखी बिघडेल, या भीतीनं जेवणाचं ताटही तसंच होतं. गिल आंटींना सांगायचं तर भाषा नाही, आणि मला हाक मारायची तर मी कामात असेन, असं तिला वाटलं.

टेबलावर एक वही होती. जाड काळ्या पेननं आखलेल्या रुंद रेघा, त्यावर चिंचोक्याएवढी अक्षरं. शेजारी काकांच्या हस्ताक्षरातला कागद. वर लिहिलं होतं, आठवी, मराठी, धडा सहावा, आणि खाली पाच प्रश्न.

"बाई, हे कोणाचं?"

"माहं," ती म्हणाली, आणि या वयात लाजली. "आठवीत हाय मी."

चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. चार वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा काकांनी गावाकडच्या रद्दीवाल्यांकडून जुनी शाळेची पुस्तकं जमवली. तिच्या काळातली, जी तिच्या हाती आली असती तीच. ती एकेक पान करून स्कॅन केली, डाग पुसले. छापलेलं पुस्तक तिला दिसत नाही, पण पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पाचवी, सहावी, सातवी झाली. वर्षाच्या शेवटी काका परीक्षा घेत आणि खरोखर मार्क कापत. दुपारचा तो जप म्हणजे बाई धडा वाचत होती. तिला दहावी व्हायचंय, आणि डोळे किती दिवस साथ देतील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मी त्या खोलीत उभी होते आणि मला माझी शरम वाटत होती. आबांचा आनंद आठवला, 'सुगम' हे नाव आठवलं. एका बाईचं बोट धरून तिला पुढच्या पानावर नेणारा आवाज मी काढून टाकला होता आणि तिथं एक कचेरी आणून बसवली होती.

काका पिंजौरला बसनं गेले होते. म्हणजे स्कूटरची किल्ली घरात असणार. दाराशेजारच्या खिळ्याला ती लटकलेली होती, काळ्या दोऱ्यासकट. मी पेनड्राइव्ह लावला आणि जुना गडी परत बसवला. पडद्यावर 'पान उलट' उमटलं. बाई पुढं वाकली, डोळे बारीक केले, एकेक अक्षर लावत वाचलं.

"आला का मधू," ती म्हणाली.

तिनं धडा उघडायला सांगितलं. ती फाईल खरंच खराब झाली होती, सकाळच्या माझ्या उद्योगात की आधीच, कोण जाणे. चौकट आली. बाई घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, वाचा ना काय लिहिलंय. ती वाचायला लागली, सावकाश, बोटानं हवेत रेघ ओढत. "फाईल... बिघडली आहे. तुझी... चूक... नाही." मग तिनं खुर्चीला पाठ टेकली आणि हसली. "नाही ना? मग ठीक."

खराब फाईलची दुसरी प्रत त्याच पेनड्राइव्हमध्ये होती. ग्रंथालयातला माणूस, प्रत ठेवणारच.

रविवारी दुपारी काका परत आले. मागच्या अंगणात ऊन होतं, बाई आत वाचत होती. मी सगळं सांगून टाकलं. अपडेटचं सांगितलं, आणि त्याच्या आधीचंही.

"म्हणजे सुगम तू?"

"मी. आणि आबा."

काकांनी पिशवीतून लग्नातला लाडूचा डबा काढला, उघडला, परत बंद केला. आतून बाईचा आवाज येत होता, एक शब्द, मग थांबणं, मग पुढचा शब्द.

"आमची माय गेली तेव्हा मी पहिलीत होतो," ते म्हणाले. "बाईची चौथी झालेली. घरात भाकरी कराले कोणी पाहिजे. बाबानं सांगतलं, पोरगा शाळेत जाईन, पोरगी घरी राहीन. दुसऱ्या दिवशी तिनं आपली पाटी माह्या पिशवीत घातली. मी रडाले लागलो. मले वाटलं माह्यामुळंच झालं हे सारं. तर तिनं माहं नाक पुसलं अन् म्हणे, रडू नको, तुझी चूक नाही." त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला. "थे वाक्य म्या नाही लिहिलं, सातारा. तिचंच हाय. म्या फक्त परत केलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकांनी मला रडू दिलं, मग म्हणाले, "आता शिक्षा. आठवीची भूमिती तू शिकव तिले. मले प्रमेय येत नाही, अन् ती विचारते फार."

तेव्हापासून शनिवारी सकाळी मी खाली असते. बाई खरंच फार विचारते. दोन समांतर रेषा कधीच भेटत नाहीत हे तिला पटत नाही. "कोणी शेवटपर्यंत जाऊन पाह्यलं का?" असं तिनं विचारलं. आबांना मी बाईची सगळी हकिगत आणि हा प्रश्न फोनवर कळवला. ते म्हणाले, "त्या 'आवर्धन'चं तेवढं काढून टाक."

त्या रविवारीच मी पाटलाला लिहिलं होतं. माझं भाषांतर मागं घ्या आणि जुनं परत लावा. त्यानं साहजिकच विचारलं, का? तुमचंच तर जास्त शुद्ध होतं ना? मी लिहिलं, हो, पण ही भाषा एक जण वापरते, ती आठवीत आहे, आणि तिला जुनंच समजतं.

पाटील भला माणूस. आणखी काही न विचारता त्यानं एकेक ओळ तपासून परत लावली. एकाच ठिकाणी अडला. संगणकानं त्याला दाखवलं असणार की मूळ इंग्रजीत एक वाक्य आहे आणि मराठीत दोन आहेत. त्यानं विचारलं, फाईल बिघडल्याच्या सूचनेत हे दुसरं वाक्य जास्तीचं दिसतंय, काढू का?

मी लिहिलं, राहू द्या. मराठीत ते लागतं.